लालीचे मागचे पाय

वसंताचा फोन आला तेव्हा मी अंगणात लालीचा टब उन्हात सरकवत होते.

"वयनी, घरीच आहा न? दोन माणसं घेऊन येऊन राह्यलो. तुमचं कासव पाह्याले."

"आमच्या कासवात काय पाह्याचं?"

"त्याले वीस नखं आहेत म्हणते. आम्रपालीनंच सांगितलं न मोबाइलवर. रामपायलीपर्यंत आला तो व्हिडिओ. बस, मोजतो अन् जातो."

मी काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना.

वसंता माझा धाकटा दीर. मनाने वाईट नाही, पण कष्टाशिवाय काही तरी हाती लागेल ही आशा त्याच्याने आयुष्यभर सुटली नाही. मागे दुतोंड्या साप शोधत वर्षभर जंगल तुडवत होता. साप मिळाला नाही, पायाला जखम झाली ती मात्र राहिली. आता कासव. वीस नखांचं कासव पूजेत बसवलं की पैशाचा पाऊस पडतो, असं सांगणारे महाराज आमच्याकडे गावोगाव निघतात. पूजा झाल्यावर त्या कासवाचं काय होतं, ते कोणी सांगत नाही. सांगावंही लागत नाही.

माझी नात आम्रपाली सातवीत आहे. लाली तिचीच. मागच्या उन्हाळ्यात तिने हट्ट धरला होता. कटंगीच्या बाजारात एक जण ओल्या गोणपाटाखाली नदीतली कासवं लपवून विकत होता. नागसेनने, माझ्या मुलाने, पोरीचा हात धरून तिला तिथून ओढतच आणलं. आपल्या नदीचं कासव घरात ठेवलं तर गुन्हा होतो, हे त्याला ठाऊक होतं. मग बालाघाटात रंगीत मासे विकणाऱ्या दुकानातून ही आणली, परदेशी जातीची, कानामागे लाल पट्टा असलेली. दुकानदार एक निपचित पडलेलं पिल्लू पुढे करत होता. म्हणे, हे शांत आहे, चावणार नाही. पोरीने ते घेतलं नाही. तिने काचेवर हात धरला आणि हात दिसताच जे सपकन बुडी मारून पळालं, तेच मागितलं. त्याचे डोळे स्वच्छ होते आणि पाठ दाबली तर दबत नव्हती.

तरी पहिला महिना वाईटच गेला. माझ्या सुनेने, रीनाने, तिला पितळेच्या परातीत दोन बोटं पाण्यात ठेवलं. लोकांच्या घरी ते धातूचं कासव ठेवतात ना, तसं. वर भाताची शितं टाकायची. लालीचे डोळे सुजले, पाठीची कड मऊ पडली. मग आम्रपाली दुकानदाराला विचारून आली. मोठा टब घेतला, पोहता येईल इतकं पाणी, वर चढून कोरडं होता येईल असा सपाट दगड, रोज सकाळचं ऊन. खायला सुकट आणि पाला, भात बंद. हळूहळू पाठ कडक झाली. आता ती पोरीची चाहूल ओळखते, माझी ओळखत नाही.

मी आम्रपालीला हाक मारली. "तुनं नखं मोजली होती का वो?"

ती गोंधळली. "कोणाची?"

"लालीची. व्हिडिओत काय बोलली तू?"

"मोजली नाही न आजी. चार पाय, एकेका पायाले पाच बोटं, मग वीसच होतीन न? असंच बोलून देली."

"मग आता मोज."

तिने लालीला पाण्यातून उचललं. उचलल्याबरोबर लालीने चारही पाय, मान, शेपूट सगळं आत ओढून घेतलं. हातात नुसता एक दगड राहिला. कवचाच्या फटीतून पुढच्या पायांची टोकं दिसत होती, मागचं काहीच नाही.

एवढ्यात रीना आतून आली. तिच्या हातात नखं कापायचं कटर होतं. दारातून तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, एक नख कापून टाकू. वीसचे एकोणवीस झाले का त्यांचं काम संपलं."

"मम्मी, नको! तिच्या नखात रक्त राह्यते."

"रक्त थांबते. जीव गेला तर तो वापस येते का?"

खरं सांगते, रीनाचं म्हणणं मला पटलं. मी कटर घेतलं. पोरीने लालीला छातीशी धरलं होतं, पुढून ती चावेल म्हणून मी मागच्या फटीत बोट घातलं. आत पाय लागला, थंड आणि ताठ. तो आणखी आत गेला. मी बोट काढून घेतलं. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. जोर केला असता तर काही तरी मोडलं असतं.

"वैनगंगेत सोडून देऊ," रीना म्हणाली.

"ते आपल्या नदीचं नाही मम्मी. दुकानवाल्यानं सांगितलं होतं, नदीत कधीच सोडू नका म्हणून. आपल्या कासवांचं खाणं खाऊन टाकते."

"मग शेजारी लपवू. कोणाच्या..."

बाहेर मोटारसायकल थांबली. मी कटर कमरेला खोचलं. नागसेन गोंदियाला कामावर होता, त्याचा फोन लागत नव्हता. पोलिसांना बोलवावं, तर पहिल्यांदा वसंताच आत जाणार.

वसंता पुढे, मागे दोघे. एक राजेंद्र, वारासिवनीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोटांत अंगठ्या. दुसऱ्याच्या हातात पोत्याची घडी होती आणि ती ओली होती. अंगणात थेंब पडत होते.

"मोजाले पोतं काहून लागते, भाऊजी?" मी विचारलं.

वसंता फाटकाकडे पाहू लागला. राजेंद्र हसला. "अरे मौसी, टेंशन मत लो. देखना है बस."

त्याने पोरीच्या हातातून लालीला घेतलं. उलटं केलं आणि मागचा पाय बाहेर काढायला फटीत नख घातलं. आम्रपाली किंचाळली.

"मोडान न तिचा पाय!"

"ये तो पाँव ही नहीं निकालती. ऐसा करते हैं, ले जाते हैं. महाराज खुद गिन लेंगे. शाम तक वापस."

"इथून हलवायचं नाही," मी म्हणाले. "मोजायचं तर इथंच, माझ्या डोळ्यासमोर."

"वयनी, चार घंट्याचं काम आहे..."

"तुम्ही तर बोलूच नका. दसऱ्याले नागपूरले जाता, हात जोडता, अन् बाकी वर्षभर सापाचे तोंडं अन् कासवाचे नखं मोजत फिरता? तुमच्या भावानं हे शिकवलं का तुम्हाले?"

वसंताची मान खाली गेली, पण तो परत निघाला नाही.

आम्रपाली डोळे पुसत म्हणाली, "तिले दगडावर ठेवा. दूर बसा. कोणी हलायचं नाही. ऊन लागलं का ती पाय स्वतःच पसरवते."

"आणि वीस नसली तर," मी म्हणाले, "या घराचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"और बीस निकले तो?" राजेंद्रने विचारलं.

मी त्याच्या हातातून लालीला काढून घेतलं.

लालीला दगडावर ठेवलं. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून बसलो. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. एक सावली पडली तरी ती आत जाईल म्हणून कोणी माशीसुद्धा हाकलेना. आम्रपालीचे ओठ माझ्या कानाशी होते.

"आजी, खरंच वीस असली तर?"

मी तिचा हात दाबला. कटर पोटाला टोचत होतं. तेव्हाच का नाही कापलं, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

बऱ्याच वेळाने नाक बाहेर आलं. मग मान, लाल पट्टा. तिने आमच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. पुढचा उजवा पाय दगडावर टेकला. पाच. डावा टेकला. पाच. राजेंद्रने पोतंवाल्याकडे पाहिलं, त्याने घडी उलगडली.

मग लालीने, उन्हात आळस द्यावा तसा, मागचा एक पाय लांब पसरला. पंजा उघडला, मधली कातडी ताणली गेली. आम्रपाली मनात मोजत होती, तिची बोटं माझ्या हातात एकेक करून दाबली जात होती. एक, दोन, तीन, चार. पुढचं बोट दाबलं गेलंच नाही.

"पाँचवाँ अंदर है," राजेंद्र म्हणाला. "चमडी में दबा रहता है. होता है ऐसा."

"कुठं आहे? दाखवा न," रीना म्हणाली.

"बाई, तुमको क्या समझेगा? वसंता, तुम देखो. तुमने ही कहा था बीस."

वसंता गुडघ्यांवर, हातांवर रांगत टबाजवळ गेला. चष्मा पुसला. एवढ्यात लालीने दुसराही पाय पसरला. तो दोन्ही पाय आळीपाळीने पाहत राहिला. तो हो म्हणाला असता तर आम्ही तिघी त्या दोघांना अडवू शकलो नसतो. आणि त्याला हो म्हणायचं होतं, हे त्याच्या पाठीवरूनच मला दिसत होतं.

"चार," तो म्हणाला.

"ठीक से देख."

"ठीकच पाह्यलं. हा पाय चार, तो पाय चार. अठरा झाले."

"अबे, महाराज को क्या बोलूँ मैं?"

"अठरा बोल."

राजेंद्र उठला आणि सरळ लालीकडे हात टाकला. वसंताने त्याचं मनगट धरलं. झटापटीत टब हलला, लाली धपकन पाण्यात गेली, राजेंद्रची इस्त्रीची बाही कोपरापर्यंत भिजली.

"मोजून झालं," वसंता म्हणाला. त्याने मनगट सोडलं नाही. "जा आता."

मी जाऊन फाटक सताड उघडलं आणि समोरच्या शांताबाईंना मोठ्याने हाक मारली. त्या बाहेर आल्या, त्यांच्यामागे त्यांची दोन्ही मुलं. राजेंद्रने अंगण एकदा पाहून घेतलं.

"तेरे लिए दुतोंड्या ही ठीक था," वसंताला एवढं बोलून तो मोटारसायकलवर बसला. पोतंवाला मागे. वसंताला त्यांनी सोबत घेतलं नाही.

आम्रपाली टबाशी बसून लालीचे पाय पाहत होती. एका पायाला नखाचा ओरखडा होता, रक्त नव्हतं. वसंता भिंतीशी बसून राहिला. कोणी त्याला पाणी विचारलं नाही. शेवटी रीनानेच दिलं.

"व्हिडिओ काढून टाक पोरी," तो म्हणाला.

"काढला. पण लोकायजवळ आहे तो."

म्हणजे आणखी कोणी येऊ शकतं. अंगण रस्त्यावरून दिसतं, आणि उन्हाशिवाय लालीची पाठ पुन्हा मऊ पडेल. मी म्हणाले, "टब गच्चीवर न्यायचा. आत्ताच."

अर्धं पाणी उपसलं, तरी तो एकटीला उचलण्यासारखा नव्हता. आम्रपालीने एक बाजू धरली. "आबा, तिकडून धरता का?"

वसंता लगेच उठला. दोन्ही हात पुढे केले.

"रीना, तू धर," मी म्हणाले.

रीना आली. वसंता बाजूला झाला. "वयनी, चार म्हटलं न मी."

"म्हटलं," मी म्हणाले. "म्हणूनच अजून या अंगणात आहा तुम्ही."

दोघी टब घेऊन जिना चढू लागल्या. मी त्यांच्या मागे निघाले.