लाल नळी, जांभळी नळी

पडेगावच्या पुढं रिकाम्या प्लॉटवर मांडव पडला होता. टँकरभोवतीही जमत नाही एवढी गर्दी तिथं जमली होती. घागरभर पाण्यासाठी भांडणारी तीच माणसं महाराजांच्या पायांवर हंडे रिकामे करत होती.

शिष्य बन्सी लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढत होता आणि झाकणाच्या नळ्यांत भरत होता: भजनाआधी लाल, अंगाऱ्यानंतर जांभळी. सुई एकच. दर माणसामागं ती विभूतीत बुडवली की झाली शुद्ध. मी पॅथॉलॉजीची डॉक्टर, रक्ताचं मला काही वाटत नाही. पण ती सुई बघून मी गर्दीतून पुढं सरकले.

“लाल झाकणाची नळी म्हंजी दोष,” भजन संपल्यावर महाराज म्हणाले. “बगा, करणीचं रगत कसं दह्यावानी इरजलंय. आता अंगारा घेतल्यावरची ही जांभळी. घरी न्या, उद्यापस्तोर पातळच ऱ्हाईल. करणी गेली.”

या नळ्या प्रेरणाच्या रक्ताच्या होत्या; तिच्यासाठीच मी इथं आले होते. तिची आई मनकर्णाबाई आमच्या लॅबमध्ये झाडलोट करते. पोरीला लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिन लागतं. घरी फ्रिज नाही. टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी राखून ही बाई ओल्या फडक्यात, मडक्यात ती बाटली गार ठेवते. तीच बाटली आज तिच्या हातात होती.

“पोरगी शुद्ध झाली,” महाराज म्हणाले. “आता सुई बंद. टाक ती बाटली धुनीत.”

मी तिचं मनगट धरलं. “इन्सुलिन थांबलं तर पोर जाईल, बाई.”

“डॉक्टरबाई, रगत बदललेलं माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी.”

तिला समजावण्यात अर्थ नव्हता. मनातली किळस गिळून मी महाराजांना हात जोडले. “महाराज, आपलं रक्त तर शुद्धच. लोकांना त्याचं दर्शन घडू द्या.”

“व्हय महाराज, दर्शन द्या,” गर्दी म्हणाली. हार पुढं सरकले. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

“जांभळी घ्या, बाई,” महाराज हात पुढं करत पुटपुटले.

“लॅबमध्ये आधी लाल भरतात, मग जांभळी,” मी म्हणाले. माझ्या पिशवीतली नवी सुई काढून मी बन्सीजवळच्याच दोन नळ्या एका टोचणीत भरल्या आणि मनकर्णाबाईच्या हातात दिल्या. “म्हणा भजन.”

भजन संपलं. तिनं लाल नळी आडवी केली. रक्त हललं नाही. जांभळीतलं इकडून तिकडं वाहत होतं.

“महाराजांवर कुणी करणी केली?” म्हातारे अप्पाराव काळजीनं विचारू लागले. मी कपाळावर हात मारला.

“कुणीच नाही, काका. शरीराबाहेर आलं की थोड्या वेळात कुणाचंही रक्त गोठतं. जांभळ्या नळीत ते गोठू नये म्हणून आतून औषध लावलेलं असतं. अंगाऱ्याचा संबंध नाही.”

बन्सी मागच्या मागं पसार झाला. महाराज हार काढून गाडीकडं निघाले.

“मग माझं रगत खराब नव्हतं?” प्रेरणानं विचारलं.

“नव्हतं गं. पण त्या सुईनं कुणाचं काय कुणाच्या अंगात गेलंय, ते तपासावं लागेल. ज्यांना टोचलंय त्या सगळ्यांनी लॅबमध्ये या.”

इतके सगळे जण बन्सीपुढं रांगेत उभे राहिले, पण नळ्या वेगवेगळ्या का, हे एकानंही विचारलं नव्हतं. बाबांनो, चमत्कार बघून हात जोडायच्या आधी तो करणाऱ्याला एवढंच म्हणा: हेच आधी तुमच्या अंगावर करून दाखवा.

मनकर्णाबाईनं पदरानं बाटली पुसली आणि टँकरकडं जाऊन फडकं पुन्हा ओलं करून आणलं.