मोतीबाईची मराठी

"काय म्हणून राहिल्या त्या?" पुनम सिस्टरनं विचारलं.

दीपक राठोडनं आईच्या तोंडाशी कान नेला. अर्धांगाचा झटका आल्यापासून मोतीबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"कळत नाही," तो म्हणाला.

"तुमच्याच आई हायेत न, सर?"

डॉक्टर म्हणाले होते, अशा आजारात कधीकधी मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. मोतीबाईची मराठी गेली होती. उरली होती ती तांड्यावरची, बंजाऱ्यांची गोरबोली.

दीपक सहा वर्षांचा असताना आश्रमशाळेत गेला. तिथं गोरबोलीत तोंड उघडलं की पोरं हसत, गुरुजी छडी उगारत. दिवाळीला घरी आला तो 'याडी' म्हणेना, 'आई' म्हणू लागला. मग जवळा बाजार या गावी भाजी विकता विकता मोतीबाईनं मराठी उचलली, मोडकीतोडकी, लेकराशी बोलण्यापुरती. पुढं जन्मभर मायलेक त्याच भाषेत बोलले. आता तो हिंगोलीच्या कॉलेजात मराठी शिकवायचा. सत्ता माणसाची भाषा कशी हिरावून घेते, हे वसाहतोत्तर साहित्याच्या तासाला तो फार तळमळीनं सांगे.

दुपारी सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरून लखमा आला, मोतीबाईचा धाकटा भाऊ. बहिणीचा हात धरून तो हळू काहीतरी बोलला. ती बोलू लागली. अर्ध्या तोंडानं हसलीसुद्धा. दीपक खाटेच्या पायथ्याशी उभा राहून बघत होता.

"मामा, सकाळपून काय म्हणून राहिली ती?"

"पोरगं शाळेतून आलं का, म्हणती."

"मग सांगा न, मी इथंच हाय म्हणून."

लखमानं सांगितलं. मोतीबाईनं दीपककडं पाहिलं. तो खाली वाकला.

"याडी," तो म्हणाला. शब्द जिभेवर परक्यासारखा आला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग लखमाला काहीतरी म्हणाली. त्यानं मान खाली घातली.

"काय म्हणली?"

"काही न्हाई, जाऊ दे."

"सांगा मामा."

"सायेब लई येळचे हुबे हायेत म्हणती. जेवले का इचार त्यायला."



"जेवलो म्हणा," दीपक म्हणाला.

लखमानं तिला तसं सांगितलं. मोतीबाईनं मान हलवली, आणि चालत्या हातानं चाचपडत चादरीचं टोक डोक्यावरून पुढं ओढून घेतलं, परक्या पुरुषासमोर घेतात तसं.