नाडी सासूची, औषध सुनेला

मी एक लाकडी नळी आहे. वीतभर लांब, मधून पोकळ, एका तोंडाशी कर्ण्यासारखी पसरट. पसरट तोंड गर्भार बाईच्या पोटावर टेकवावे, दुसऱ्या तोंडाला कान लावावा आणि आतल्या बाळाचे ठोके मोजावेत, एवढ्याच कामासाठी मला विलायतेत कातले गेले. काम इतके स्पष्ट असूनही माझी पहिली सात वर्षे टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसण्यात गेली. याचा दोष मी लाकडाला देत नाही.

१९२४ साली म्हसळ्याच्या डॉक्टर भास्करराव रिसबुडांनी मला मुंबईहून आणले. डॉक्टर सज्जन होते, आणि परस्त्रीच्या पोटाला कान लावणे त्यांच्या सज्जनपणात बसत नव्हते. त्यांच्या दवाखान्यात स्त्रियांच्या तपासणीची रीत ठरलेली होती. मध्ये जाड पडदा, पडद्याआड बाई, पडद्याबाहेर तिचा नवरा. प्रश्न नवऱ्याला विचारायचे आणि पडद्याच्या फटीतून आलेल्या मनगटाची नाडी पाहायची. हिंदू असो वा मुसलमान, या बाबतीत साऱ्या घराण्यांची अब्रू एकाच जाडीच्या कापडाची होती.

नवरे उत्तरे मोठ्या आत्मविश्वासाने देत. येसाजी नावाच्या एका शेतकऱ्याने बायकोचे कुठे दुखते ते स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवले. डॉक्टरांनी त्याचेच पोट तिथे दाबून पाहिले आणि 'फारसे गंभीर नाही' असे सांगितले.

१९३१ साली अब्दुस्समद नावाचा व्यापारी आपली बायको जहुरा हिला घेऊन आला. निकाह होऊन आठ वर्षे झाली होती, मूल नव्हते. आता सहा महिने पाळी बंद होती आणि ओटीपोट घट्ट लागत होते. घरच्यांनी मुलाची आशा कधीच सोडली होती, म्हणून हा काहीतरी रोगच, असे त्यांनी आपसांत ठरवून टाकले होते.

"शेवटची पाळी कधी आली?" डॉक्टरांनी विचारले.

"मी तवा मुंबईला व्हतो, साब."

डॉक्टरांनी वहीत लिहिले : अनियमित.

मग त्यांनी हात मागितला. पडद्याआड जहुराजवळ तिची सासू मासूमाबी बसली होती. सुनेच्या मनगटाला परक्याची बोटे लागू नयेत म्हणून तिने स्वतःचाच हात बाहेर केला. टेबल पडद्याला लागूनच होते. त्या साठी उलटलेल्या हाताच्या सुरकुत्या मला मोजता आल्या असत्या. डॉक्टर मात्र नाडी नेहमी डोळे मिटून पाहत. बराच वेळ चिंतन करून ते म्हणाले, "गर्भ नाही. रक्त साकळून गोळा झाला आहे. तीन दिवस रिकाम्या पोटी औषध द्या, पडून जाईल."

त्या औषधात पाडण्याची शक्ती खरोखरच होती. गोळा आणि गर्भ यांतला फरक मात्र त्याला कळत नव्हता.

औषध बाटलीत भरायचे काम सत्यवतीकडे होते. मुंबईला सुईणपणाचे रीतसर शिक्षण घेऊन ती दोन महिन्यांपूर्वीच या नोकरीवर आली होती आणि आजवर तिला पट्ट्या उकळण्यापलीकडे काही करू दिलेले नव्हते. चिठ्ठी वाचून तिने बाटली रिकामीच खाली ठेवली, मला उचलले आणि पडद्याआड गेली. मागे डॉक्टरांचे कागद खोलीभर उडाले.

"बाई, पोटात काही हालतं का?" तिने जहुराला विचारले.

जहुराने आधी सासूकडे पाहिले. "हालतं. चार जुम्मे झाले."

"मंग बोलली का न्हाईस गो?" मासूमाबी म्हणाली.

"कोनी इचारलं?"

सत्यवतीने मला बेंबीखाली टेकवले. सात वर्षांनी मला माझे काम मिळाले. ठोके आले, लहान, घाईचे. तिने घड्याळ लावून मोजले, मिनिटाला एकशे चाळीस.

"तिचाच दिल असंल त्यो," मासूमाबी म्हणाली. "आमच्या घरात पाळना हालायचा न्हाय."

सत्यवतीने वाद घातला नाही. तिने सासूचा कान माझ्या तोंडाला लावला आणि जहुराचे मनगट तिच्या हाती दिले. "नाडी बोटांनी धरा, आणि हे कानाने ऐका. दोन्ही एका चालीने जातात का, तेवढं सांगा."

मासूमाबी बराच वेळ वाकून राहिली. तिचा श्वास माझ्यावर पडत होता.

"दोन हायत," ती हळूच म्हणाली. "बाय, हिकडं दोन हायत." आणि ती तशीच वाकलेली राहिली, मला कान सोडेना.

सत्यवती बाहेर आली. "डॉक्टरसाहेब, हे औषध देता येणार नाही. गर्भ जिवंत आहे."

"मी नाडी पाहिली आहे."

"आपण पाहिलीत ती सासूबाईंची."

डॉक्टरांनी वही पुन्हा पुढे ओढली. "तरीच," ते म्हणाले, "थकलेली वाटली." मग वहीतला 'गोळा' खोडून त्यांनी 'गर्भ' लिहिले. खालची सही मात्र तीच ठेवली, म्हणजे निदान त्यांचेच राहिले.

पावसाळ्यापूर्वी जहुराला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

आज १९३८ साल आहे. माझी कड एका ठिकाणी टवकली आहे आणि रंग तेलकट काळा पडला आहे, पण कागदांवर मी पुन्हा बसले नाही. म्हसळ्यात माझी कीर्ती झाली. नळीने पोटातले ओळखले, असे लोक सांगतात. वाचकहो, हे खरे नाही. मी सांगितले ते जहुराला माझ्याआधी चार आठवडे ठाऊक होते. मी फक्त ती गोष्ट इतरांना पटेल अशी केली, कारण मी विलायती होते आणि ती सून होती.

माझी विनंती एवढीच, की माझ्याआधी त्या बाईला विचारत जा. डॉक्टरांपुढे ती मी रोज करते. आताशा बाई आली की ते सर्वांत आधी मला मागवतात. तिला अजूनही शेवटीच विचारतात.