त्रेसष्ट नंबरचा दगड

सीमा तीनदा जन्माला येते, असं मोजणीच्या शाळेत शिकवतात. आधी बोलण्यात, मग कागदावर, शेवटी मातीत. बोलण्यातली सीमा गुळगुळीत असते, कागदावरची सरळ असते. मातीतलीचे मात्र हाल कुत्रा खात नाही. गवत तिला गिळतं, उंदीर पोखरतात, ओढा मनात आलं की कूस बदलतो. म्हणून दर सालाआड दोन्ही देशांची माणसं मिळून निघतात आणि दगडादगडाने सीमा चालून काढतात. सम नंबरचे दगड पलीकडच्यांचे, विषम अलीकडच्यांचे. ज्याचा दगड त्याने घासायचा, रंगवायचा, आणि हरवला तर जबाबही त्यानेच द्यायचा.

त्या साली अलीकडच्या तुकडीची प्रमुख एक तरुण मोजणीदार होती. पाठीमागे सगळे तिला फूटपट्टी म्हणत. चालायची सरळ, बोलायची सरळ, चहात घालायची साखरसुद्धा चमच्यावर बोट फिरवून सपाट करायची. तिच्याबरोबर दगड रंगवायला एक रंगारी होता. त्याच्या ब्रशाआधी तोंड चालायचं. पलीकडच्या तुकडीचे प्रमुख निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, जाड भिंगांमुळे दोन्ही देशांत 'दुर्बीणसाहेब' म्हणून ओळखले जाणारे. बाकीची माणसं सामान घेऊन पुढच्या चौकीवर गेली होती आणि हे तिघंच ओढ्याच्या काठाने चालले होते.

बासष्ट नंबर सापडला. त्याच्यापुढे दगड नव्हता, खड्डा होता.

"बघा, पडलेल्या दातासारखी जागा," रंगारी म्हणाला. "परवा छत्तीस नंबर जागचा तसूभर हलला नव्हता, आणि त्रेसष्ट पळाला! पाठ फिरवलेले आकडे टिकतात साहेब, तोंडाला तोंड लावणारे टिकत नाहीत. माझ्या लग्नाचंच बघा ना."

दुर्बीणसाहेब खड्ड्यापाशी उकिडवे बसले. काठ खचला होता. "गेल्या पुरात आडवा झाला असेल. वाहून गेला असेल तर दोन ओळींत भागेल. पण कोणी उचलून नेला असेल, तर नाव घालावं लागेल आणि माणसाला चौकीवर हजर करावं लागेल. वस्तीत विचारू या. ते घर दिसतंय, धूर येतोय."

"कशाला?" फूटपट्टी चटकन म्हणाली. "पुढे चौकीवरच विचारू. पाणीही तिथेच पिऊ."

"चौकीपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटेल, मॅडम. मग वाटेत तुमचं मन कोण रमवणार?"

दुर्बीणसाहेब घराकडे वळलेही होते. ओढा दिसायला लागल्यापासून तिची पावलं जड झाली होती. त्या घराची चूल तिने लहानपणी रोज सकाळी फुंकून पेटवली होती. तिथे तिची मावशी राहत होती. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं, चौकीतल्या शिपायांचे गणवेश आणि दवाखान्यातल्या चादरी धुऊन, साबणाने बोटांची सालं काढून. आणि नेमणुकीच्या वेळी कचेरीत विचारलं होतं, "सीमेकाठी कोणी नातेवाईक?" ज्याचं नातं सीमेकाठी त्याला पाहणीवर पाठवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली होती, "कोणी नाही."

ते फक्त नेमणुकीसाठी म्हटलं होतं, असं ती मनाला समजावायची. पण खरं तिलाही माहीत होतं. कचेरीत कुणाचे वडील प्राध्यापक, कुणाचे अभियंता, कुणाच्या घरी पुस्तकांची कपाटं. तिथे 'मावशी धुणी धुते' हे वाक्य तिच्या घशातून कधी वर आलंच नव्हतं. या वेळी काम आटोपलं की संध्याकाळी एकटी जाऊन भेटू, असं ठरवून ती निघाली होती. तीन वर्षं ती असंच ठरवत होती. फक्त ती संध्याकाळ उगवत नव्हती.

अंगणात शिरण्याआधीच गाणं ऐकू आलं. कपडा आपटण्याच्या तालावर मावशी म्हणत होती,

*ओढ्याला नाही दार, वाऱ्याला नाही कडी,*
*अलीकडं मी धुते, पलीकडं वाळे गोधडी.*

दोरीवर खाकी सदऱ्यांची रांग लागली होती, बाह्या लोंबत्या, जणू पलटणीने शरणागती पत्करली होती. चुलीवर चादरींचं पातेलं रटरटत होतं. मावशीने मान वळवली. आधी रंगारी दिसला, मग दुर्बीणसाहेब, मग ती. मावशीचा चेहरा असा उजळला की जणू पातेल्यावरचं झाकण कुणी काढलं.

"आलीस—"

आणि त्याच क्षणी भाचीची नजर मावशीच्या हाताखाली गेली. मावशी ज्यावर गणवेश आपटत होती, तो दगड घडीव होता, चौकोनी, कमरेइतका उंच. माथ्यावर दोन खाचा कोरलेल्या, एक मागच्या दगडाकडे रोख दाखवणारी, एक पुढच्याकडे. जगातल्या कुठल्याही मोजणीदाराने झोपेतसुद्धा ओळखला असता.

"आजी," भाची म्हणाली, "प्यायला पाणी मिळेल का?"

मावशीचा हात वर होता, तो तसाच राहिला. कोपरापासून फेस ओघळला. तिने एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा त्या दोन परक्या माणसांकडे, भाचीच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. मग हात पुसत म्हणाली, "मिळेल की, बाई. पाण्याला काय तोटा."

आत जाऊन ती तीन पेले घेऊन आली. रंगाऱ्याने घटाघट पिऊन टाकलं. दुर्बीणसाहेबांनी एक घोट घेतला आणि मान वाकडी करून म्हणाले, "हे काय, आमचं पाणी गार आणि मॅडमच्या पाण्याला वाफ? पाहुण्यांत भेदभाव?"

लहानपणापासून गार पाण्याने तिचा घसा धरायचा. मावशी तिला नेहमी कोमट करूनच द्यायची.

"चुलीजवळचा पेला असेल," मावशी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाचं लक्ष कुठं असतं, साहेब."

भाचीने पेला तोंडाला लावला. पाणी बरोबर तेवढंच कोमट होतं. ते घशाखाली उतरताना तिला वाटलं, आपल्याला कुणी मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात रंगारी टेकायला म्हणून दगडावर बसला, आणि चटका बसल्यासारखा उठला. "आयला! साहेब, हा बघा पळपुटा! त्रेसष्ट! अहो आजी, शिपाई रात्रंदिवस या दगडाची राखण करतात आणि तुम्ही त्यांच्याच चड्ड्या याच्यावर बडवताय!"

दुर्बीणसाहेब खाली बसले. कडेला बोटं फिरवून त्यांनी शेवाळाखालचा नंबर चाचपला. "आजी, हा कुठून आणलात?"

"ओढ्याच्या चिखलात उलटा पडला होता हो. पूर येऊन गेला ना, तेव्हा. माझी पाठ वाकेनाशी झालेली. खाली बसून धुवायला जमत नाही. दूधवाल्याला म्हटलं, दादा, एवढा गाडीवर घालून आणून दे. मला काय ठाऊक कुणाचा ते." मग तिला राहवलं नाही. तिने माथ्यावरून हात फिरवला. "छान आहे पण. या खाचा आहेत ना, यातून साबणाचं पाणी कसं सरळ निघून जातं बघा. घडवणाऱ्याने विचार करूनच घडवलाय."

रंगारी पोट धरून हसला. दुर्बीणसाहेबांच्या ओठांचे कोपरेही हलले. फूटपट्टी मात्र हसली नाही. त्या दोघांकडे तिला बघवत नव्हतं आणि मावशीकडे तर मुळीच नाही. तिने दप्तरातून नोंदीचा कागद काढला. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"नियमाप्रमाणे नोंद करावी लागेल," ती म्हणाली. आवाज कुणा दुसरीचाच वाटला. "नाव सांगा, आजी."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. लहानपणापासून जिने ते नाव हजारदा ऐकलं होतं, तिला मावशीने ते सांगितलं, सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून, जसं एकेकाळी पाटीवर गिरवून घेतलं होतं.

भाचीने लिहिलं.

"वय?"

"ते कोण मोजतंय. साठीच्या पुढची म्हण—म्हणा."

"घरात आणखी कोण?"

"कोणी नाही, बाई."

"नातेवाईक?"

हे विचारायची गरज नव्हती. कागदावर तसा रकानाही नव्हता. का विचारलं, हे तिचं तिलाही कळलं नाही. कदाचित मावशीने तरी सांगून टाकावं, आपल्याला सोडवावं, असं तिला वाटलं असेल. आपल्या भ्याडपणाचं ओझंही तिच्याच पाठीवर.

"एक भाची आहे," मावशी दगडाकडे बघत म्हणाली. "लांब असते. खूप शिकलेली आहे. तिचा या दगडाशी काही संबंध नाही, साहेब. लिहून घ्या तसं."

रंगाऱ्याचं हसू कधीच थांबलं होतं. त्याने भाचीच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं, मग पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. बडबड्या माणसाला गप्प राहावं लागणं यापेक्षा मोठी साक्ष नसते.

दुर्बीणसाहेब तिला अंगणाच्या कडेला घेऊन गेले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत ते हलक्या आवाजात म्हणाले, "असं करू. पलीकडच्या गुरांनी ढुशी मारून पाडला, असं लिहू. आमची चूक. सही मी करतो. आमच्याकडे गुरं रग्गड आहेत, एखाद्या बैलाच्या माथी मारू. तो काही अपील करणार नाही. मी दोन महिन्यांत घरी बसणार. मला कोण काय विचारणार?"

"पण का?"

ते भिंगं पुसतच राहिले. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे अगदी लहान, ओलसर दिसत होते. त्यांना सगळं कळलं होतं. वाफेपासूनच कळलं असावं. आणि ते तिला लाज वाटू नये म्हणून खोटं बोलायला तयार होते. परक्या देशाचा माणूस तिच्या मावशीचा अपराध अंगावर घेत होता, आणि ती, रक्ताची, कागद हातात धरून उभी होती. प्रशिक्षणात तिने इतरांना शिकवलं होतं की देश व्हायला भूमी लागते, माणसं लागतात, शासन लागतं, आणि व्यवहारात चौथी गोष्ट म्हणजे दुसऱ्याने तुम्हाला देश म्हणून मानावं लागतं. ते चौथं नसेल तर पहिली तिन्ही असून माणसं अधांतरीच. मावशीपाशी घर होतं, काम होतं, आपल्या अंगणापुरतं राज्य होतं. आणि आज दिवसाढवळ्या, दोन देशांच्या प्रतिनिधींसमोर, तिला मानायला तिचं एकुलतं माणूस नाकबूल झालं होतं.

"नको," ती म्हणाली. "बैलाने नाही पाडला." मग तिने मान वळवून मावशीकडे पाहिलं. "ती माझी मावशी आहे. मला तिनेच वाढवलं. मी कचेरीत खोटं सांगितलं."

दुर्बीणसाहेबांनी चष्मा चढवला आणि हात पुढे केला. "मग कागद माझ्याकडे द्या. नात्यातल्या माणसाची नोंद दुसऱ्या बाजूने करायची असते. आणि तुमची पाहणी इथे संपली, हे तुम्हाला माहीत आहेच."

"माहीत आहे."

तिने लिहिलेलं नाव त्यांनी एक रेघ मारून खोडलं. मग खाली लिहिताना मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पुराने पडलेला दगड काठावरच्या एका बाईंनी चिखलातून काढून अंगणात सुरक्षित ठेवला. दगड शाबूत. आजच जागेवर बसवावा." त्यांनी सही केली. "यात एक अक्षर खोटं नाही. चौकीवर जायचं कारण नाही, आजी."

एवढं सोपं होतं ते. पहिल्याच क्षणी 'मावशी' म्हटलं असतं तर हेच झालं असतं. भाचीचे कान तापले, मान तापली. बदली होईल, बढती जाईल, ते सगळं होऊ दे. पण ते अक्षर अक्षर सुटं केलेलं नाव आता जन्मभर कानात वाजणार होतं.

ती दगडापाशी गेली. "मावशी."

मावशी पातेल्यातली चादर काठीने काढत होती. चादर जड, दोन माणसांनी पिळायची. मावशीने एक टोक धरलं आणि दुसरं पुढे केलं रंगाऱ्याकडे. "ए बाबा, धर रे जरा. दगड न्याल तो न्या, पण एवढं पिळून होऊ दे."

रंगाऱ्याने टोक धरलं, आणि त्याला काय सुचलं कोण जाणे, काही न बोलता ते भाचीच्या हातात देऊन तो दगडाला दोर बांधायला गेला. दुर्बीणसाहेबही अस्तन्या सावरून त्याच्या मदतीला वाकले.

दोघी समोरासमोर उभ्या. चादर गरम होती, हात भाजत होते. भाची बोलायला गेली, "मावशी, मी तुला—". मावशीची नजर चादरीवरून वर आली नाही. तिने पिळायला सुरुवात केली, भाचीनेही केली, जीव तोडून. पण चादर नुसतीच गरगर फिरत राहिली. पाण्याचा थेंब पडेना, कारण भाची मावशी फिरवत होती त्याच दिशेला फिरवत होती. इतक्या वर्षांत हातांना विसर पडला होता.

मावशी थांबली. थकलेली होती. रागावली होती का, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"उलटं फिरव, बाई," ती म्हणाली.

भाचीने उलटं फिरवलं. चादरीतून पाणी बदाबदा खाली पडलं, दोघींच्या पायांवर.