मधे स्वच्छ, कडेला धुरकट

माझ्या लेकीचा, संस्कृतीचा, नवा चष्मा नगरच्या दवाखान्यात हातात पडला तेव्हा मी तो खिडकीशी उजेडात धरून बघितला, आणि माझं डोकंच फिरलं. काचेच्या मधोमध बोराएवढी जागा स्वच्छ, आणि तिच्याभोवती बारीक बारीक ठिपक्यांचं कडं. आमच्याकडं बोअरच्या पाण्यानं भांड्यावर डाग पडतात ना, अगदी तसं!

"डाग पडलेली काच आमच्या गळ्यात मारताय व्हय?" मी डॉक्टरीणबाईंना तोंडावरच विचारलं.

त्या हसल्या. "ठिपके मुद्दाम केलेत, ताई. तेच औषध समजा."

लहान मुलांचा डोळा वाढताना जास्तच लांबट होत गेला की दूरचं दिसेनासं होतं आणि नंबर चढत जातो, असं त्यांनी सांगितलं. मधल्या जागेतून पोरीला नीट दिसणार, आणि कडेच्या ठिपक्यांमुळं डोळ्याची ती वाढ मंदावणार. पार थांबेल असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "म्हणजे कपाशीचा शेंडा खुडतो तसं का?" मी विचारलं. बाईंनी कपाशी कधी खुडली नसावी, तरी मान हलवली. "पण दिवसभर डोळ्यावर पाहिजे हां," एवढं बजावून सांगितलं.

नंबर चढणं म्हणजे काय, ते आमच्या घराला कुणी सांगायला नको. संस्कृतीचे पप्पा, भीमराज, कर्जतला दुधाचा टेम्पो चालवायचे. लहानपणापासून नंबर चढतच गेला, पुढं डोळ्याचा पडदा खराब झाला आणि टेम्पो सुटला. आता एवढ्या जाड भिंगातूनसुद्धा चार हातांवरचं माणूस आवाजावरून ओळखतात. पोरीचं तसं होऊ नये. बास, माझं दुसरं मागणं नाही.

आणि ही कार्टी मैदानावर गेली की चष्मा काढून खिशात!

"का गं काढतीस?"

"आई, कडेचं धुरकट दिसतं. सारखे फाऊल होतात."

पोरगी खो-खोत वाऱ्यासारखी पळते. खो मिळाला की उठायचं, एक दिशा धरायची, मग मागं वळायचं नाही. खांदा वळला की फाऊल. आधी ती बाजूनं निसटणारी पोरगी डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायची. आता कोपऱ्यात नुसता धूर. नीट बघायला मान वळवायची, तर मानेबरोबर खांदाही वळायचा, की खेळाच्या हनुमंत सरांची शिट्टी. शनिवारी तालुक्याचा संघ निवडायचा होता. "चष्म्यासकट अवघड हाय ताई," सर म्हणाले. असा संताप आला मला! पण काढायचा कुणावर? पोरीला नेमकं काय दिसतं, तेच मला ठाऊक नव्हतं.

ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. दिराचा गाडीवर घालायचा साधा गॉगल घेतला, मधे बोराएवढी जागा सोडली आणि कडेनं बोटानं पातळ व्हॅसलिन फिरवलं. तो घालून गेले मैदानावर आणि पदर खोचून पोरींच्या रांगेत जाऊन बसले. पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. हसू देत.

अगंबाई, गंमतच होती! समोरचं एकदम साफ. बाजूनं कुणीतरी पळतंय हे कळतं, पण कोण, किती लांब, काही पत्ता नाही. मला खो मिळाला, उठले, बाजूची सावली बघायला वळले, तर पोरी ओरडल्या, "काकू, फाऊल!" आणि तेव्हाच मला रानातली पेरणी आठवली.

आमच्यात ज्वारी अजून बैलाच्या पाभरीनं पेरतात. बी सोडायच्या लाकडी वाडग्याला चाडं म्हणतात, आणि चाड्यावर मूठ माझी असते. बांधावर कोण आलं बघायचं झालं तर मी नुसती मान वळवते. खांदा वळला की मूठ चुकते आणि बी कुठं दाट, कुठं पातळ पडतं. बाईमाणसाला ते कुणी शिकवत नाही, जमून जातं.

दुसऱ्या दिवशी पेरणीच होती. मूठ दिली पोरीच्या हातात, चष्मा डोळ्यावर, आणि मी बाजूनं चालत बोटं दाखवायला लागले. "किती?" मान वळली की खांदा वळायचा, बी भसकन सांडायचं. बैल हाकणारे सासरे ओरडायचे, "अगं, पेरनी हाय का खेळ लावलाय?" मी म्हणलं, "दोन्ही!" दुपारपर्यंत पोरीची नुसती मान वळायला लागली. "तीन, आई. आता दोन." मला इतका आनंद झाला की मी सासऱ्यांना पण बोटं दाखवली.

शनिवारी मी आणि संस्कृतीचे पप्पा मैदानाच्या कडेला उभे. सुरुवातीलाच पोरीचा फाऊल झाला. थोड्या वेळानं दुसरा. "काढ गं तो चष्मा!" सर ओरडले. संस्कृतीचा हात चष्म्याकडं गेला. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, एवढ्या डावापुरता काढू दे. तेवढ्यात आमच्या बाजूच्या दुसऱ्याच पोरीनं एकीला बाद केलं, आणि यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. "शाब्बास संस्कृती! शाब्बास माझी वाघीण!"

"अहो, ती आपली न्हाई," मी म्हणलं.

"न्हाई व्हय?" टाळ्या थांबल्या. "मग आपली कुठली गं?"

संस्कृती समोरच रांगेत बसली होती. तिनं ऐकलं. पप्पांकडं बघितलं आणि हात खाली घेतला. "न्हाई काढत, सर," म्हणाली.

तिला खो मिळाला. समोरची पोरगी बाजूनं सटकली. संस्कृतीची मान वळली, खांदा जागचा हलला नाही. दोन ढांगा टाकल्या, हात लांब केला आणि तिच्या पाठीला लावला. फाऊलची शिट्टी वाजलीच नाही.

डाव संपल्यावर ती मैत्रिणींकडं गेली नाही, सरांकडंही नाही. धापा टाकत आली ती थेट यांच्या तोंडासमोर उभी राहिली.

"पप्पा, शेवटी जिनं पकडलं ना, ती मी होते."