दोन हजार चुली

जुन्या नोंदींच्या आमच्या कार्यालयात खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःच्या जन्माची नोंद मिळायला एक्केचाळीस सेकंद लागत. ऐकायला हा काळ मोठा नाही. पण पाठीमागे रांग असली आणि काचेपलीकडचा कारकून पडद्याकडे पाहत गप्प बसलेला असला, की तेवढ्या अवधीत आपण खरोखर जन्मलो होतो का, अशी शंका माणसाला येऊ लागते.

ही शोधयंत्रणा नऊ सर्व्हरांवर पसरलेली होती आणि तिची देखभाल आम्ही दोघे करत असू: मी आणि आक्का. ती कोणाचीच सख्खी आक्का नव्हती. खोलीत वयाने मोठी, म्हणून सगळ्यांची. यंत्रणा तिनेच उभारलेली, त्यामुळे खापर फोडायला डोके शोधावे लागले नाही. शुक्रवारपर्यंत शोध तीन सेकंदांत आला नाही, तर तिची बदली तळघरातल्या कागदांच्या गोदामात होईल, असे संचालकांनी लेखी कळवले होते. तिला दमा होता. पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. अशा बाबतीत पत्रे फार सभ्य असतात.

बुधवारी सकाळी आम्ही दोष शोधू लागलो. डिस्क ठणठणीत होत्या, नेटवर्क निर्दोष होते. मग मी एकाच शोधाच्या मागोमाग गेलो. एका साध्या नावासाठी तो, नोंदी ज्यांत विभागून ठेवल्या होत्या त्या दोन हजार एकशे साठ कप्प्यांची दारे ठोठावत होता, आणि शेवटचा कप्पा ‘माझ्याकडे नाही’ म्हणेपर्यंत उत्तर अडून राहत होते. कित्येक कप्प्यांत जेमतेम शंभर नोंदी होत्या. त्या जवळजवळ रिकाम्या कप्प्यांची मला उगीच कणव आली.

"एवढे कप्पे कशाला?" मी विचारले.

"जमीनवाल्यांनी आधी वेगळी चूल मांडली. मग विवाहवाल्यांना अपमान वाटला. पुढं प्रत्येकाला दर वर्षाची वेगळी हवी झाली."

"आणि तू दिलीस?"

"मी नाही म्हटलं. ते संचालकांकडे गेले. मग मी हो म्हटलं."

उपाय सरळ होता: सगळे मिळून अठरा मोठे कप्पे करायचे. फक्त त्यावर प्रत्येक विभागप्रमुखाची सही हवी होती.

गुरुवारच्या बैठकीत यंत्रणा मंद आहे, यावर सर्वांचे एकमत झाले. कप्पे फार झाले आहेत, यावरही झाले.

"आमचा तेवढा वेगळा राहू द्या," विवाह विभागाच्या बाई म्हणाल्या. "एकत्र राहून कोणाचं भलं झालंय?"

"बाकीच्यांचे करा की एक," जमीन विभागाचे साहेब म्हणाले. "माझी तत्त्वतः सही आहे."

"तत्त्वतः सहीला शाई लागत नाही, साहेब," आक्का म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. कोणी तिच्याकडे पाहिले नाही. सगळे घड्याळाकडे पाहत होते.

त्या दालनात दोन वर्षांत मी ‘हजर’ या शब्दापलीकडे गेलो नव्हतो. बोलायचे वाक्य मी मनात इतक्या वेळा घडवतो, की ते पूर्ण होईपर्यंत माणसे उठून गेलेली असतात. त्या दिवशी ते घडण्याआधीच बाहेर पडले.

"पडद्यावर तुमच्या विभागाचं नाव आणि प्रत्येक वर्ष आहे तसंच दिसेल. तुमच्या नावाखाली दुसऱ्या कोणाची नोंद येणार नाही."

"नावाला धक्का नाही ना?" साहेबांनी विचारले.

"नाही."

"मग हे आधी सांगायचं की, बाळा."

पाच मिनिटांत सगळ्या सह्या झाल्या. त्या नावांमागे सर्वांच्या नोंदी त्याच अठरा कप्प्यांत शेजारी-शेजारी राहणार, हे सह्यांच्या अर्जात स्पष्ट लिहिले होते. अर्ज कोणी वाचला नाही. मीही वाचून दाखवला नाही.

शुक्रवारी दुपारी संचालक स्वतः विभागप्रमुखांना घेऊन खिडकीशी आले. शोध पावणेदोन सेकंदांत आला. रांगेतल्या एका बाईंनी तर आपले काही चुकले असावे, या समजुतीने तोच अर्ज पुन्हा पुढे केला.

"कशानं झालं हे?" संचालकांनी विचारले.

आक्का तोंड उघडणार, तोच साहेब म्हणाले, "प्रत्येकाचं वेगळेपण जपलं, म्हणून."

"अगदी," विवाह विभागाच्या बाई म्हणाल्या. ते दोघे एखाद्या गोष्टीवर प्रथमच एकत्र आले होते.

संध्याकाळी दोन कागद आले. एकाने आक्काची बदली रद्द झाली होती. दुसऱ्यात, वेगळेपणामुळे साधलेला वेग ध्यानात घेता, पुढील महिन्यापासून कार्यालयातल्या प्रत्येक टेबलाला स्वतंत्र कप्पा देण्याचा आदेश होता. टेबले चारशे बारा होती.

आक्काने दोन्ही वाचले. पहिला घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"काल तू अर्धंच बोललास."

"तेवढ्यालाच मला दोन वर्षं लागली, आक्का."

"उरलेल्याला सोमवारपर्यंत मुदत आहे," ती म्हणाली, आणि संचालकांची वेळ मागण्यासाठी तिने फोन उचलला. "सकाळी अकरा चालतील ना तुला?"

मी मान डोलावली. ती फोन कानाला लावून तशीच थांबली.

"तोंडानं सांग," ती म्हणाली.

"चालतील," मी म्हणालो.