धरायचे दात

डायनासोरच्या जीवाश्मातल्या बरगडीखालचा दगड तिने सुईने खरवडला आणि ब्रशने भुकटी झटकली. नखाएवढी चकचकीत चकती दिसली. मग आणखी दोन. तिन्हींच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या.

वडील डबा द्यायला आले होते. चाळीस वर्षं मासे विकलेला माणूस, पण लेकीच्या प्रयोगशाळेत मात्र दाराशीच उभा राही. आज तिने त्यांना हाताला धरून आत आणलं.

"बाबा, हे काय असेल?"

"खवलं," भिंग न घेताच ते म्हणाले. "पोटात गेलेली. मोठा मासा कापला की आत छोट्याची अशीच निघतात, अर्धवट जिरलेली." मग शेजारी ठेवलेल्या, यंदाच सापडलेल्या त्याच प्राण्याच्या जबड्यावर ते वाकले. "हे दात फाडायचे नाहीत गं. धार कुठंय? हे धरायचे. निसटणाऱ्या गोष्टीला असंच धरावं लागतं."

एक नख आणि चार मणके एवढ्यावरून तिच्या मार्गदर्शक सरांनी या डायनासोरला जमिनीवरचा शिकारी ठरवलं होतं. त्याला तीस वर्षं झाली होती. त्यावरचं त्यांचं पुस्तक छापखान्यात होतं.

"आता सरांना कसं सांगू?"

"माल शिळा असला तर गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. घरी गेल्यावर वास येतोच."

तिने सरांना बोलावलं. ते भिंगावर वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. तिला फक्त त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जेवण," ते हळूच म्हणाले. "हा पाण्यात उभा राहून मासे धरत होता, आणि मी त्याला रानोमाळ पळवत बसलो."

"सर, पुस्तक..."

"थांबवतो छपाई. हे आधी ओळखलं कुणी?"

वडील एव्हाना दाराकडे सरकले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

सरांनी कपाटातून हातभर लांबीचं वाकडं नख दोन्ही हातांनी आणलं, वडिलांच्या खरबरीत तळव्यावर ठेवलं आणि स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

"बसा. याला मी पोट फाडायचं हत्यार म्हणत आलो. तुम्हाला काय वाटतं?"

वडिलांनी नख उलटसुलट करून पाहिलं. मग मनगट खाली नेऊन एकदम वर उचललं, पाण्यातून काही उपसावं तसं.

सरांनी वहीचं कोरं पान काढलं.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले. "जरा सावकाश."